लाल दिसलं तर झाकून ठेवायचं

मी औरंगाबादला आलो तेव्हा मावशीला दवाखान्यात लागून चार वर्षं झाली होती. दवाखाना एका ट्रस्टचा होता. शहराभोवती कारखाने वाढत होते आणि त्यांच्या कामगारांवर उपचार करण्याचे करार या दवाखान्याकडे होते. पाच वॉर्ड, एक ऑपरेशन थिएटर आणि मागच्या अंगाला पत्र्याच्या दहा खोल्या. त्या खोल्या आया आणि वॉर्डबॉय यांना दिलेल्या होत्या, कारण त्यांना केव्हाही बोलवावं लागे. काम असेपर्यंत खोली. सातव्या खोलीत मावशी राहायची. मी वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून बी.ए. होऊन आलो, एका स्थानिक दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो आणि तिच्याकडेच राहू लागलो.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. आमच्या दोन्ही घरांत मेंढरं होती. मावसा मेंढरं विकून चितेगावच्या एका कारखान्यात लागला आणि तिसऱ्या वर्षी वारला. मूलबाळ नव्हतं. कारखान्यातल्या कोणीतरी शब्द टाकला म्हणून मावशीला वॉर्डात काम मिळालं. दवाखान्यात सगळ्या आयांना मावशी म्हणत आणि सगळ्या वॉर्डबॉयना मामा. त्यामुळे मी तिला हाक मारली की कधीकधी दुसरीच कोणीतरी वळून बघायची.

मावशी चौथीपर्यंत शिकलेली होती. मराठी सावकाश वाचायची. वॉर्डातले तक्ते इंग्रजीत होते, डॉक्टर आपसांत इंग्रजीत बोलत आणि राउंडच्या वेळी आयांनी वॉर्डाबाहेर थांबायचं असा नियम होता. आयांना कोणी शिकवत नसे. जुनी आया नवीला दाखवायची, तेवढंच शिक्षण. एकदा ट्रस्टनं सगळ्यांचा एक वर्ग घेतला होता. त्यात हात कसे धुवायचे, साडीला पिना कशा लावायच्या आणि नातेवाइकांशी जास्त बोलायचं नाही, हे सांगितलं. रोगांबद्दल त्यात काही नव्हतं.

जुन्या आयेनं तिला दिलेले नियम मला तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकायला मिळाले की पाठ झाले. सलाईन संपत आलं की नळी चिमटीत धरायची आणि सिस्टरला हाक मारायची. रक्ताची बाटली हलवायची नाही. पेशंटच्या लघवीचं भांडं पिवळं असेल तर ओतायचं. लाल दिसलं तर ओतायचं नाही, झाकून ठेवायचं आणि सिस्टरला दाखवायचं. प्रत्येक नियमामागं काय कारण आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. कारणं तिनं स्वतः, डोळ्यांनी पाहून जमवली होती. तिची नेमणूक पुरुषांच्या वॉर्डात होती. यंत्रात सापडलेले, गाडीखाली आलेले कामगार तिथं यायचे. ज्यांचं भांडं तिनं झाकून ठेवलं त्यांतल्या बऱ्याच जणांच्या खाटा दोन-चार दिवसांत रिकाम्या झाल्या. तिच्या हिशेबी लाल म्हणजे आतून संपलेला माणूस.

भांडी धुण्याच्या खोलीत फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. सुटी झालेले पेशंट उरलेल्या गोळ्या मागं टाकून जात. मेलेल्यांच्या गोळ्याही मागं राहत. औषध फेकायचं नसतं, असं सगळेच मानत, म्हणून त्या गोळ्या डब्यात जायच्या. आया, वॉर्डबॉय आणि झाडूवाल्या आपापल्या दुखण्याला त्यातून घेत. पिवळी अंगदुखीला, मोठी पांढरी तापाला, लाल रंगाची कोणतीही कॅप्सूल फोडाला आणि गळवाला. डॉक्टर दहा पावलांवर असत, पण त्यांच्याकडे जाऊन 'मला बरं नाही' म्हणणं म्हणजे रजा मागण्यासारखं होतं. डबा सगळ्यांचा एक होता. त्याच फळीखाली पाण्याचे माठ मात्र दोन होते आणि कोणी कुठल्या माठातलं प्यायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गावात मावशीचा मान वेगळा होता. वैजापूरकडचे आमचे नातेवाईक, मेंढरांमागं फिरणारे आणि शेती करणारेही, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन तिच्याकडे यायचे. ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहायची आणि 'इंजेक्शन लिहिलंय, घ्या' असं सांगायची. बहुतेक वेळा इंजेक्शन लिहिलेलं असायचंही. तिला विचारायला माणसं लांबून येत. तिनं जाऊन विचारावं, असं मात्र तिच्याजवळ कोणी नव्हतं.

मी तिच्याकडे राहायला आल्याला चार वर्षं होत आली, तेव्हा ट्रस्टनं रोजंदारीवरच्या काही लोकांना कायम करायचं ठरवलं. यादी निघाली. मावशीचं नाव तीत होतं. आधी तब्येतीचा दाखला लागणार होता, तो दवाखान्यातच मिळायचा, आणि त्याला काही महिने लागतील असं सांगण्यात आलं. कायम झालं की खोली कायम, म्हातारपणी पेन्शन आणि कोणी 'उद्यापासून येऊ नको' म्हणू शकणार नाही. ती यादी मावशीनं मला तीनदा वाचायला लावली.

त्या हिवाळ्यात तिला खोकला लागला. संध्याकाळी अंग कणकण करायचं. ब्लाऊज सैल झाले. दोन महिने तिनं डब्यातलं घेतलं. मग एक दिवस रजा काढून ती वैजापूरला गेली. बाजाराच्या रस्त्यावर एक डॉक्टर होते, मेंढरांच्या दिवसांपासून घरच्यांना ओळखणारे. येताना तिनं कागदाच्या पुड्या आणल्या आणि दार लावून मला सांगितलं.

"छातीचं निघालं. टीबी."

"मग इथंच दाखवू ना. फुकट होईल."

"इथं? इथं एक्स-रे काढला की सांजच्याला समद्या दवाखान्याला ठावं. यादीतून नाव उडल माझं. खोली जाईल. तू कुठं जाशील?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, महिन्याला या. गोळ्या बंद करू नका. बाकी तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर दवाखान्यातल्याच." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता. मला तो तेव्हा चुकीचा वाटला नाही.

तिनं आपला कप, ताट आणि तांब्या वेगळा केला. तिची भांडी ती राखेनं दोनदा घासायची आणि मला हात लावू द्यायची नाही. टीबी उष्ट्यातून लागतो अशी तिची समजूत होती. माझीही तीच होती. थंडीचे दिवस होते म्हणून ती संध्याकाळी खोलीची एकुलती एक खिडकी घट्ट लावायची, मला सर्दी होऊ नये म्हणून. त्या बंद खोलीत ती खोकायची आणि मी मुद्रितं तपासायचो. पुढं माझा एक्स-रे स्वच्छ आला. त्यात आमच्या काळजीचा काही भाग नव्हता.

पुढचं मला चार महिन्यांनी कळलं. घडलं त्या क्रमानं लिहितो.

पुड्यांमध्ये तीन तऱ्हेच्या गोळ्या आणि एक तांबडी कॅप्सूल होती. सगळं सकाळी उपाशीपोटी घ्यायचं. पहिल्या दिवशी तिनं घेतलं आणि कामावर गेली. दुपारी तिला लघवी लाल झाली. दुसऱ्या दिवशीही लाल. तिसऱ्या दिवशी तिनं घरीच, मोरीत, एका जुन्या मगमध्ये लघवी धरली, उजेडात पाहिली आणि मगवर थाळी झाकून ठेवली. आठ वर्षं तिनं हेच केलं होतं. पुढची पायरी सिस्टरला दाखवणं. ती पायरी तिच्यासाठी बंद होती. संध्याकाळपर्यंत तो मग तसाच झाकलेला राहिला. मी कामावरून आलो, हात धुवायला मोरीत गेलो, आणि थाळी उचलणार तोच ती ओरडली, "हात लावू नको." ती तिची वेगळी भांडी असतील असं समजून मी बाहेर आलो. मी गेल्यावर तिनं तो मग मोरीत ओतला.

वैजापूरच्या डॉक्टरांना जाऊन विचारता आलं असतं. पण महिना व्हायचा होता आणि लागोपाठ दुसरी रजा काढली तर कारण विचारलं गेलं असतं. तिनं स्वतःच निकाल लावला. तांबडी कॅप्सूल उष्ण आहे, ती मूत्रपिंड जाळते आहे, ती थांबवायची. बाकीच्या गोळ्यांनी तसं काही होत नाही, त्या घ्यायच्या. हे ठरवताना तिनं निष्काळजीपणा केला असं म्हणता येणार नाही. ज्या माणसानं कधी वॉर्डात काम केलं नाही, तो कदाचित घाबरून डॉक्टरकडे धावला असता, किंवा लक्षच दिलं नसतं. तिला लाल म्हणजे काय हे माहीत होतं, आणि जे माहीत होतं ते अर्धं होतं.

चौथ्या दिवसापासून तिनं कॅप्सूल वगळली. दोन महिन्यांत खोकला कमी झाला, भूक लागली, गालांवर थोडं मांस आलं. तिचा निर्णय तिला बरोबर वाटू लागला. दर महिन्याला ती वैजापूरला जायची. डॉक्टर विचारायचे, "सगळं घेता ना?" ती म्हणायची, "व्हय." तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. आता दोनच राहिल्या, एक छोटी पांढरी आणि तीच तांबडी. तिनं पांढरी घेतली. म्हणजे दोन औषधांच्या जागी तिच्या पोटात एकच जात होतं. चौथ्या महिन्यात खोकला परत आला.

वगळलेल्या कॅप्सूल तिनं फेकल्या नाहीत. दर महिन्याची पुडी ती भांडी धुण्याच्या खोलीतल्या डब्यात रिकामी करायची.

तिच्या वॉर्डातला मामा पन्नाशीचा होता. आंबेडकरी वस्तीत राहायचा. विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रत्येक मोर्चात असायचा, एकदा पंधरा दिवस तुरुंगातही राहून आला होता. त्याचंही नाव कायम करायच्या यादीत होतं. ते आंदोलनाचे शेवटचे, सर्वांत ताणलेले दिवस होते. वॉर्डात त्यावरून बोलणं नको म्हणून बरेच जण एकमेकांशी मोजकंच बोलत. मामा मात्र कोणाशीही बोलायचा. एका दुपारी, माझी साप्ताहिक सुटी होती त्या दिवशी, तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. मानेवर पट्टी होती.

"मावशे, हायेस का? बाहेर ये. तुझ्या गोळीनं माझी रंगपंचमी केली."

"माझी कसली गोळी?"

"मानेला गळू झालं म्हणून डब्यातली तांबडी घेतली. सकाळी एक, सांजच्याला एक. आन मग लाल! भांडंभर लाल! म्हणलं झालं, आता काय खरं नाय. बायकोला बी बोललो नाय. आपल्या हातानं झाकलं आन सिस्टरम्होरं नेऊन ठेवलं. म्हणलं सिस्टर, आजवर लोकांचं दाखवलं, आज माझंच आणलंय."

मावशी उंबऱ्यात उभी होती. तिनं पदर मुठीत धरला होता.

"सिस्टर काय म्हणली?"

"हसली की! खुर्चीला धरून हसली. म्हणती, मामा, ये टीबी का कॅप्सूल है. हे घेतलं की लालच होतं. समद्यांना होतं. काय होत नाय त्यानं."

"समद्यांना होतं?"

"समद्यांना. राजाला बी होईल." तो माझ्याकडे वळला. "पेपरवाले, हे छापू नका बरं का. मोर्चात पोरं टिंगल करतील."

मावशी खाली बसली. तिनं एकदा खोकून घेतलं. मामा थांबला. मग त्यानं आवाज उतरवला.

"पुढचं ऐक. हसून झाल्यावर तिनं इच्यारलं, हे डब्यात आलं कुठून? आपल्याकडं तर टीबीचा पेशंट नाय ठेवत. मी म्हणलं ठावं नाय. मावशे, मी तुला टाकताना बघितलंय. दोनदा. पर मी बोललो नाय."

मेट्रनबाईंनी डबा जप्त केला. मामाचं म्हणणं त्यांना पटलं नाही. टीबीची औषधं मामाच घेत असावा आणि गळवाची गोष्ट रचत असावा, असं त्यांना वाटलं. त्याला वॉर्डातून काढून फाटकावर बसवलं आणि पुढच्या सोमवारी सगळ्या आया, वॉर्डबॉय आणि झाडूवाल्यांचे छातीचे एक्स-रे होतील अशी सूचना लागली. ती सूचना मराठीत होती.

त्याच आठवड्यात शहर बंद झालं. आधी बंदची हाक, मग दोन भागांत दगडफेक, मग कर्फ्यू. 'वैजापूर मार्गावरील एसटी सेवा आजही ठप्प' ही चार ओळींची बातमी मी स्वतः लिहिली. त्या बसची वाट पाहणारं एक माणूस माझ्याच घरात होतं. वैजापूरला जाऊन कॅप्सूल आणायच्या आणि सोमवारच्या आत जेवढ्या होतील तेवढ्या घ्यायच्या, असा तिचा बेत होता. दवाखान्याचं फाटक बंद, रस्ता बंद, समोर एक्स-रेची खोली आणि मागं दवाखान्याच्या कंपाउंडची भिंत. ती दिवसाला आठ-दहा वेळा दारापर्यंत जाऊन परत यायची.

"लेकरा, चार महिन्याच्या राहिलेल्या चार दिवसांत घेतल्या, तर छाती साफ दिसल का रं?"

"माहीत नाही."

"तुला समदं छापायला येतं, आन हे ठावं नाय?"

माझ्याकडे कर्फ्यूचा पास होता. कार्यालयात फोन होता. ज्यांना फोन करता आला असता असे तीन डॉक्टर मला माहीत होते. एक तर आमच्याच पुरवणीत आरोग्यावर सदर लिहायचे. मी त्यांतल्या एकालाही फोन केला नाही. ते 'पेशंट कोण?' असं विचारतील, आणि या शहरात दवाखान्याच्या लोकांना दवाखान्याचे लोक ओळखतात, हे कारण मी स्वतःला दिलं. मावशीनं सिस्टरला न विचारण्याचं कारणही नेमकं हेच होतं. मी पदवीधर असल्यानं त्यात काही फरक पडला नाही.

शनिवारी दुपारी कर्फ्यू दोन तास उठला तेव्हा मामा फाटकावरून येऊन गेला. या वेळी तो बसला नाही.

"सोमवारी माझा बी एक्स-रे हाय," तो म्हणाला. "ल्हानपणी मला झालता हा रोग. बरा झाला, पर डाग राहतो म्हणत्यात. दिसल आता. मेट्रनबाई म्हणल, बघा, मी म्हणत नव्हते?"

"मग तुमचं नाव?" मी विचारलं.

"नाव गेलं तर गेलं. पंधरा-सोळा वर्सं झाली नावासाठीच मोर्चे काढतोय, आणखी एक काढीन." तो हसला, पण त्यात जीव नव्हता. "मी तुझं सांगणार नाय. पर तू काय करायचं ते बघ, मावशे."

मामा गेल्यावर मावशीनं पिशवी भरली. दोन साड्या, तांब्या, वैजापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी. रविवारी संध्याकाळी सूचना आली की सोमवारी सकाळी सहापासून एसटी सुरू होणार. एक्स-रे नऊला होते. सहाची बस धरली असती तर ती नऊला वैजापुरात असती. परत आली नसती तर कोणी शोधायलाही गेलं नसतं. रोजंदारीचं माणूस येईनासं झालं की त्याच्या नावापुढं रेघ मारत, बस्स. तिनं पिशवीला गाठ मारली आणि भिंतीशी ठेवली. मला वाटलं ती जाणार. मी तिला थांब म्हणालो नाही आणि जा असंही म्हणालो नाही.

सोमवारी सहाला ती आंघोळ करून, कामाची पांढरी साडी नेसून बसली होती. पिशवी होती तिथंच होती.

"चल माझ्यासंगं," ती म्हणाली. "काय लिहून मागितलं तर वाचशील."

सिस्टर केरळच्या. वीस वर्षं या शहरात होत्या आणि त्यांची मराठी त्यांच्या स्वतःच्या चालीची होती. ड्यूटी बदलायची वेळ होती, त्या नोंदवही भरत होत्या. मावशीनं टेबलावर वैजापूरची चिठ्ठी ठेवली.

"सिस्टर, त्या कॅप्सूल माझ्या. मामाला सोडा."

सिस्टरनी चिठ्ठी वाचली. तारखा वाचल्या. मग पेन खाली ठेवलं.

"तू लाल गोळी घेतली नाही? एकदम नाही?"

"तीन दिस घेतली. मग लाल झालं म्हणून सोडली."

"किती दिवस झाला सोडून?"

"तीन महिने आन एकोणीस दिस."

"आणि पांढरी गोळी घेत होती? एकटी?" सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "मावशी, हे काय केलं तू! असं केलं तर औषध पुढे काम नाही करत. पूर्ण बंद असता तर वेगळं. अर्धं घेतलं, हे जास्त खराब. आठ वर्ष तू माझ्या वॉर्डमध्ये काम करती. मी इथं बसली आहे. एक शब्द विचारायचं होतं."

"इच्यारलं असतं तर तुमाला कळलं असतं ना, सिस्टर."

 सिस्टरनी खिडकी उघडली आणि मावशीला तिच्याजवळच्या स्टुलावर बसायला सांगितलं. मग मला म्हणाल्या, "तू पण बस. दोघं घरात खिडकी बंद करून झोपतो काय?" मी हो म्हणालो. भांड्यांनी होत नाही, हवेतून होतं, हे मला तेव्हा, सव्विसाव्या वर्षी कळलं. मावशीनं ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी ती रडली ती एवढ्याच वेळी.

तिचा एक्स-रे झाला. बेडका तपासला, त्यात जंतू होते. मामाच्या एक्स-रेत जुना डाग होता, बेडका स्वच्छ होता. तो आठवडाभरात वॉर्डात परत गेला आणि पुढं कायम झाला. मावशीचं नाव यादीतून निघालं. मेट्रनबाई कठोर बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, बऱ्या झाल्यावर दाखला घेऊन या, बघू. खोली पंधरा दिवसांत सोडायला सांगितली. त्या चार महिन्यांत मावशीनं ज्यांना उचललं, पुसलं, पाणी पाजलं, त्यांच्यापैकी कोणाला तिच्याकडून लागण झाली का, हे मला सांगता येत नाही. ते कोणी तपासलं नाही. भांडी धुण्याच्या खोलीत डब्याच्या जागी दुसरा डबा आला, हे मामाकडून कळलं.

आम्ही पैठण रस्त्याला एक खोली घेतली. मावशीचं औषध नव्यानं सुरू झालं, सरकारी केंद्रातून. सकाळी इंजेक्शन, मग गोळ्या, सगळं मिळून दीड वर्ष. केंद्रातली बाई प्रत्येक गोळी हातावर ठेवून ती कशासाठी आणि तिनं काय होईल हे सांगायची. मावशी पहिल्या दिवशी तिला म्हणाली, "मी दवाखान्यातली न्हाय. मला समदं सांगा." इंजेक्शनांनी तिच्या एका कानात घूं असा आवाज सुरू झाला आणि तो पुढं राहिलाच. पण तो आवाज सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं तो केंद्रात जाऊन सांगितला होता.

मधल्या काळात विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मामा पेढे घेऊन आला. मनात होतं ते अख्खं मिळालं नाही, पण मिळालं, असं काहीतरी म्हणाला. मावशीनं त्याला वॉर्डातल्या एकेका माणसाची चौकशी विचारली. नव्या आयेला काम येतं का, तेही विचारलं. तो म्हणाला, "येतंय हळूहळू. पर आता आया ट्रस्टच्या नाय राहिल्या. ठेका दिलाय. ठेकेदाराची माणसं हायेत समदी."

दीड वर्षानं तिच्या तीन तपासण्या स्वच्छ आल्या. केंद्रानं दाखला दिला. कागदावर नाव, वय, रोग, उपचार पूर्ण, कामास योग्य असं लिहिलं होतं. तिनं तो माझ्याकडून वाचून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. मेट्रनबाई बदलल्या होत्या. सिस्टर गावी गेल्या होत्या. कार्यालयात सांगितलं की यादी कधीच बंद झाली, आयांचं काम ठेकेदाराकडे, त्याचा माणूस फाटकाजवळच्या खोलीत बसतो.

ठेकेदाराचा माणूस तिशीचा होता. त्यानं तिला नाव विचारलं, वय विचारलं, आधी कुठं काम केलं ते विचारलं. इथंच, पुरुषांच्या वॉर्डात, आठ वर्षं, असं तिनं सांगितलं. "मग तुला काही शिकवायला नको," तो म्हणाला, "उद्या सातला ये. खोली मिळणार नाही. काम कधी बंद करायचं ते आम्ही सांगू."

मावशीनं दाखला काढून त्याच्यासमोर ठेवला. "हे बघा की साहेब. तब्येतीचं हाय."

"ते लागत नाही."

"बघा तर. मला काय झालं व्हतं ते लिहिलंय त्यात."

"लागत नाही म्हणलं ना, मावशी." त्यानं कागद बोटानं तिच्याकडे परत सरकवला आणि तिच्या मागं उभ्या असलेल्या बाईला नाव विचारलं.